‘कित्याक जाय?’ : गोव्यात नवीन आलेल्यांनी मीठ कसं मागावं, घ्यावं आणि वापरावं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी पहिल्यांदा मीठ मागितलं, तेव्हा विकणाऱ्या मावशींनी पोत्याला हात लावायच्या आधी विचारलं, "कित्याक जाय गो बाये?" कशाला हवंय? मी साताऱ्याहून नुकतीच आलेली. आमच्याकडे मीठ म्हणजे वाण्याकडची एक किलोची पिशवी, तिला कोणी ‘कशाला’ विचारत नाही. मी म्हटलं, "जेवणाक." मावशींनी राखाडी खड्यांच्या ढिगावरचा हात काढून घेतला आणि समोरच्या दुकानाकडे बोट केलं. "जेवणाक तें पाकिटाचें व्हर."

मला वाटलं, नवखी बघून टाळलं. पुढे वर्षभर आमट्या खारट करून, एक बरणी फेकून आणि स्कूटरचा पत्रा गंजवून समजलं की मावशींचा प्रश्न बरोबर होता. गोव्यात नुसतं ‘मीठ’ म्हटलं तर अर्धंच बोललात. कशासाठी, ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ज्या क्रमाने मी हे शिकायला हवं होतं, त्या क्रमाने खाली लिहिते आहे.

आधी एवढं जवळ असू द्या: चिनी मातीची झाकणाची बरणी (इथे तिला बुयांव म्हणतात), घट्ट झाकणाचा एक लहान डबा, लाकडी चमचा किंवा करवंटीची डवली, स्वच्छ सुती फडकं, घरचा छोटा वजनकाटा, बांबूची टोपली आणि तिच्याखाली ठेवायला एक जुनं पातेलं. कागदपत्र काही लागत नाही. घरात कोणाला रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी मिठाबद्दल काय लिहून दिलंय तो कागद मात्र एकदा वाचून ठेवा. का, ते दुसऱ्या पायरीत येईल.

१. शब्द नीट लावून घ्या

गंमत अशी की ‘मीठ’ हा शब्दच मुळात गोड आहे. तो संस्कृत ‘मिष्ट’वरून आला, आणि हिंदीत त्याच घरातला ‘मीठा’ अजून गोडच राहिला आहे. मराठी, कोकणी आणि गुजरातीत मात्र हा शब्द खाऱ्या वस्तूला चिकटला. कामाला येणारी बाई उत्तरेकडची असेल तर तिला ‘मीठ घाल’ म्हणण्यापेक्षा ‘नमक’ म्हणा. आमच्याकडे एकदा चहा थोडक्यात वाचला.

मिठाचं जुनं नाव ‘लवण’. ते आज कोणी स्वयंपाकघरात उच्चारत नाही, पण त्याची पिल्लं घरभर आहेत. लोणचं त्यातलंच. अळणी म्हणजे अ-लवण. लिंबलोण उतरवतात त्यातलं ‘लोण’ म्हणजे मीठच. लावण्यसुद्धा तिथूनच आलं, म्हणजे एखादीचं रूप वाखाणताना आपण मुळात तिच्या चवीबद्दल बोलत असतो. लोणी मात्र या घरातलं नाही. ते नवनीतातून आलं, उगीच नातं जोडू नका.

‘क्षार’ वेगळा. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी मिळतं, हे शाळेत पाठ केलंय. मीठ हा त्या मोठ्या कुळातला एक क्षार. सोसायटीच्या सभेत कोणी ‘बोअरवेलच्या पाण्यात क्षार फार आहेत’ म्हणालं, तर पाणी खारट आहे असं समजू नका. बहुतेक वेळा ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचं जड पाणी असतं. डाळ शिजत नाही आणि नळावर पांढरं साचतं, पण चव खारी लागेलच असं नाही.

आता ‘खार’. एक खार झाडावर पळते, दुसरा मिरचीचा खार बरणीत असतो. खिशाला खार लागते, आणि एखाद्यावर कोणी खार खाऊन असतो. भूगोलातले खारे वारे दिवसा समुद्राकडून येतात, रात्री जमिनीकडून मतलई. एवढं आपल्याला येतं. गोव्यात यात आणखी एक भर पडते आणि ती सगळ्यात महत्त्वाची. कोकणीत ‘खारें’ म्हणजे खारवून सुकवलेली मासळी. शेजारच्या वयनींनी कुंपणावरून हाक मारली, "खारें हाडलां, दितां तुका." मी चहा टाकला. मला खारी बिस्किटं येणार असं वाटलं होतं. आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन खारवलेले बांगडे, आणि चहाला मी एकटी.

‘आगर’ हाही असाच फसवा. कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि आगर म्हणजे मीठ पिकवायची जागासुद्धा. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या नावातलं आगर मिठाचं. कोणी म्हणालं ‘आमचं आगर आहे’, तर नारळ मागायच्या आधी विचारून घ्या. त्याच्या शेजारी ‘आगळ’ बसलंय, म्हणजे कोकमाचा घट्ट रस. त्याचा मिठाशी संबंध आहेच, पण तो सातव्या पायरीत.

वाक्प्रचार आपलेच चालतात: खाल्ल्या मिठाला जागणं, मीठमिरची लावून सांगणं, जखमेवर मीठ चोळणं, दुधात मिठाचा खडा. ‘नावडतीचं मीठ अळणी’ ही म्हण सासरी नवीन असाल तर मोठ्याने म्हणू नका. मी म्हटली होती, विनोदाने. कोणी हसलं नाही.

बाजारात आणि पंगतीत चार कोकणी वाक्यं पुरतात. "मीठ चड जालां", जास्त झालं. "मीठ उणें पडलां", कमी पडलं. "गांवठी मीठ आसा?", आहे का. आणि "कितलें?", केवढ्याला.

२. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर ठरवा

रोजच्या जेवणासाठी आयोडीनयुक्त मीठ घ्या. याला कारण कायद्याचं आहे आणि आरोग्याचंही. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून १७ मे २००६ पासून देशभर थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे. ग्राहकापर्यंत पोहोचताना मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असायला हवं. मावशींनी मला समोरच्या दुकानात पाठवलं त्यामागे हे होतं. उद्धटपणा नव्हता.

गावठी मीठ, म्हणजे मिठागरातलं राखाडी खड्याचं, बेगमीसाठी, मासळी खारवायला, माडांना आणि धुण्या-घासण्याला. समुद्राचं पाणी आहे म्हणून आयोडीनही आलंच असेल, ही समजूत चुकीची आहे. समुद्राच्या पाण्यात ते मुळात फार थोडं, आणि मीठ होता होता त्यातलंही जवळजवळ राहत नाही. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सगळं जेवण गावठी मिठावर नेणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. मला ते पटत नाही. लोणच्याची बरणी वेगळी आणि वाढत्या वयाच्या पोराची रोजची आमटी वेगळी.

सैंधव उपासाला. ते खाणीतलं असतं. काळ्या मिठाला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचा, तो मीठ खराब झाल्याचा वास नव्हे. या दोन्हींत आयोडीन आहे असं धरून चालू नका, पाकीट वाचा.

आता तो डॉक्टरांचा कागद. ‘कमी सोडियमचं’ म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. रक्तदाबासाठी ते सुचवतात, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला किंवा काही ठराविक औषधं चालू असलेल्याला जादा पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. स्वतःच्या मनाने बदलू नका.

३. कुठे आणि कधी

गावठी मीठ हे पीक आहे, त्याला हंगाम असतो. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली असतात. पाऊस सरला की बांध दुरुस्त करायचे, गाळ काढायचा, आणि वाफ्यांची चिकणमाती पायांनी तुडवून फरशीसारखी घट्ट करायची. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी मानशीतून आत घेतात. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. पाणी आधी मोठ्या तळ्यात, मग एकातून दुसऱ्या वाफ्यात, प्रत्येक ठिकाणी जास्त दाट होत जातं. साधारण फेब्रुवारीपासून पावसापर्यंत मीठ निघतं. लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते अलगद कडेला ओढतात. जोराने ओढलं की खालची माती वर येते. एक अवकाळी सर आली की पंधरा दिवसांची मेहनत विरघळून जाते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एक किलो मिठासाठी निदान तीस लिटर पाणी उन्हात आटावं लागतं. मिठागरावर एकदा सकाळी जाऊन उभे राहा. डोळ्यांवर येणारी ती तिरीप आणि पायाला लागणारं ते कोमट दाट पाणी अनुभवलंत, तर दहा रुपयांसाठी घासाघीस करताना जीभ अडखळेल.

बघायला जवळचं ठिकाण म्हणजे पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता. तो सेतू पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला, त्याच्या बाजूलाच मिठागरं आहेत. पेडण्यात आगरवाडा, बार्देशात नेरूल आणि हडफडे, तिसवाडीत बाती आणि शिरदोन, ही नावं लक्षात ठेवा. पूर्वी याहून कितीतरी जास्त आगरं होती. गोव्याचं मीठ जहाजांनी बाहेर जायचं. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि इथल्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं. १८९२ मध्ये करार संपला, पण तोवर कित्येक आगरं मोडली होती. पुढे १९३० मध्ये पेडण्याच्या हद्दीपलीकडे शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच किनाऱ्यावर. आज आगरं मोडतात त्याला बांध फुटणं, मजूर न मिळणं आणि जमिनीचे भाव ही कारणं आहेत.

खरेदीला सगळ्यात चांगला काळ एप्रिल-मे. पावसाळ्याची बेगमी करण्याला इथे पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला. मीठ, सुकी मासळी, मिरसांग (मिरची), चिंच, सोलां (आमसुलं), कांद्यांच्या माळा, सगळं या दिवसांत भरतात. मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं, आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तर आहेच. जूनमध्ये गेलात तर ओलं आणि महाग मिळेल.

४. हातात घेऊन बघा

खडा बोटांत चुरडा. कोरडा, करकरीत मोडला तर ठीक. हाताला पाणी सुटलं तर ते मीठ ताजं आहे किंवा भिजलेलं, वजनात तुम्ही पाण्याचे पैसे देणार. रंग फिका राखाडी असणारच, तळाची चिकणमाती आहे ती. मूठभर मीठ पेलाभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटं ठेवायला सांगा. तळाशी पातळ गाळ चालतो, बोटभर थर बसला तर दुसरीकडे जा. मावशी चिडत नाहीत, उलट तुम्ही माहीतगार आहात हे त्यांना कळतं.

जिभेवर ठेवून बघा. खारटानंतर मागून कडवट लागलं तर त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. ते वाईट नाही, पण निथळायला वेळ द्यावा लागेल. ‘गेल्या वर्षाचं’ म्हणून विकत असतील तर नाक मुरडू नका. निथळलेलं जुनं मीठ लोणच्याला बरं.

५. घरी नेणं

हा भाग कोणीच सांगत नाही. गावठी मीठ पोत्यातून गळतं, आणि ते पाणी लोखंडाला खातं. मी दहा किलोचं पोतं स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणलं, मग ‘नंतर उतरवू’ म्हणून रात्रभर तिथेच राहिलं. पावसाळा संपेपर्यंत पायाखालचा पत्रा जाळीदार झाला होता. मेकॅनिकने विचारलं, "मासे विकता काय?"

तेव्हा: पोत्याखाली प्लास्टिकचं घमेलं किंवा जाड ताडपत्री, घरी पोचल्याबरोबर उतरवायचं, गाडी गोड्या पाण्याने धुवायची. रिक्षा केलीत तर आधी सांगा, तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबर आहे.

६. ठेवणं

पावसाळ्यात गोव्याची हवाच ओली असते आणि मीठ ती ओल ओढून घेतं. त्याला उपाय आहे, पण घाई चालत नाही. आणलेलं गावठी मीठ बांबूच्या टोपलीत घाला, टोपली पातेल्यावर ठेवा, वरून फडकं बांधा. आठ-दहा दिवस पातेल्यात थेंब थेंब पाणी जमत राहील. कडू जहर असतं ते. ते मोरीत ओता, तुळशीत किंवा कुंडीत चुकूनही नको. निथळलेलं मीठ दिवसभर उन्हात पसरा आणि मग बुयांवात भरा.

स्टीलचा डबा नको, ठिपके पडून भोकं पडतात. ओला चमचा नको. पाकिटातलं मीठ वेगळ्या लहान डब्यात, झाकण घट्ट, शेगडीपासून लांब. उष्णता आणि दमटपणात आयोडीन उडतं, म्हणून पाकीट उघडं ठेवायचं नाही आणि जमेल तिथे मीठ शिजवण्याच्या शेवटी घालायचं. तांदळाचे चार दाणे मिठात टाकायची जुनी युक्ती चालते, ओल शोषतात. जूनमध्ये चार पुरत नाहीत, चमचाभर लागतात.

७. स्वयंपाकात मोजमाप आणि सापळे

खड्यांमध्ये हवा असते. म्हणून चमचाभर जाडं मीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं, बारीक मीठ बरंच जास्त भरतं. वयनींनी हुमणाला (नारळाच्या रसातल्या माशांच्या कालवणाला) "मूठभर" सांगितलं ते जाड्या मिठाचं होतं, त्यांच्या मुठीने. मी बारीक मिठाची माझी मूठ टाकली. सहा माणसांचं जेवण होतं. बटाटा टाकून खारटपणा जातो म्हणतात, तो जात नाही. बटाटा रस्सा शोषतो, रस्सा तितकाच खारट राहतो. नारळाचं दूध आणि पाणी वाढवा, हुमण जास्त होईल, होऊ द्या. तेव्हापासून वजनकाटा ओट्यावर आहे.

दुसरा सापळा आगळाचा. सोलकढीला कोकमाचं आगळ वापरताना मीठ घालायचं नाही. टिकावं म्हणून आगळात आधीच भरपूर मीठ असतं. सुकवलेल्या सोलांनाही मीठ लावलेलं असतं. आधी कढी करा, चाखा, मग हात मिठाकडे जाऊ द्या. हाच नियम खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) आणि गोव्याची चोरिस (सॉसेज) यांना. खारी मासळी गरम पाण्यात भिजवून, ते पाणी एकदा-दोनदा बदलून मगच वापरा. पेजेबरोबर खात असाल तर पेजेत मीठ नको.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे, म्हणजे एक सपाट लहान चमचासुद्धा पुरता नाही. त्यात लोणचं, पापड, खारें, पाव, सगळं धरून. दुपारी खारा बांगडा आणि मिठातलं तोर (कच्चा लहान आंबा) झालं की दिवसाचा कोटा बहुधा तिथेच संपलेला असतो.

तिसऱ्या किंवा खुबे आणलेत तर शिजवायच्या आधी तास-दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सोडतात. लिटरभर पाण्यात बारीक मिठाचे दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारं. नुसत्या गोड्या पाण्यात टाकलंत तर शिंपले मिटतात आणि वाळू आत राहते. मग घरचे जेवताना दातांखाली काय आलं ते बघत बसतात.

८. पहिली बेगमी: चेपणीची तोरं

तोर म्हणजे लहान कच्चा आंबा. चेपणी म्हणजे मिठात दाबून ठेवलेली. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, कारण मीठ आणि वजन यांशिवाय यात काही नाही.

एक किलो घट्ट तोरं, देठाला बोटभर दांडी राखून. चीक वाहू द्या, मग धुवा आणि फडक्यावर पूर्ण कोरडी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. माझी पहिली बरणी दोन ओल्या आंब्यांनी घालवली. आमच्या घरी किलोला पाव किलो ते ३०० ग्रॅम गावठी मीठ धरतात. तळाला मिठाचा थर, तोरांचा थर, पुन्हा मीठ, शेवटचा थर मिठाचा. वर स्वच्छ बशी आणि तिच्यावर उकळून वाळवलेला जड गुळगुळीत धोंडा. तोंडाला फडकं.

दोन-तीन दिवसांत तोरांचं स्वतःचं पाणी सुटतं. आठवड्याने आंबे सुरकुतून त्या पाण्यात बुडालेले दिसतात. वर डोकावत असेल तर वजन वाढवा. अजून पाणी हवं असेल तर मिठाचं पाणी उकळून गार करून घाला, साधं पाणी नको. महिन्याभराने खायला घ्या. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी आली तर बरणी फेका, वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका. पाकिटातलं मीठ वापरलं तर पाणी गढूळ होतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात काहीतरी मिसळलेलं असतं. बिघडत नाही, पण दिसायला उदास.

जुलैच्या धो धो पावसात उकड्या तांदळाची पेज आणि बाजूला एक सुरकुतलेलं तोर. चव सांगता येत नाही, पहिल्या घासाला कान हलतात.

९. घराबाहेरचं मीठ

भाडेकराराच्या घरात दोन माड असतील तर पावसाच्या तोंडावर पाडेली (नारळ पाडणारा) विचारेल, मीठ घातलं का? घालतात. मोठ्या माडाला बुंध्यापासून हातभर लांब, गोल आळ्यात किलो-दीड किलो गावठी मीठ पसरून माती ओढतात. माडाला क्लोराइड लागतं, ही नुसती समजूत नाही. पण ही मुभा माडालाच. शेजारच्या मिरचीला, जास्वंदीला ते मीठ पोचलं तर झाड करपतं. मी जास्वंद घालवली, त्या पातेल्यातल्या पाण्याने.

तांब्या-पितळेला बिमलां (एक आंबट फळ) किंवा चिंच आणि मीठ. घासून लगेच खळखळून धुवा आणि पुसा, नाहीतर हिरवट डाग धरतो. मासे कापलेल्या पाटाला जाडं मीठ चोळा. आरशाला, स्टीलला नको.

१०. आजारपणात

घशाला कोमट मीठपाण्याच्या गुळण्या. जुलाब-उलट्यांत दुकानातली जीवनरक्षक पुडी (ओआरएस) सगळ्यात बरी. नसेलच तर एक लिटर स्वच्छ उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा. मीठ मापाने, अंदाजाने नको, लहान मुलाला जास्त मीठ घातक ठरतं. विषारी काही पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, थेट दवाखाना गाठा.

११. मिठाच्या रीती

हे कोणत्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. मीठ हातावर घ्यायचं-द्यायचं नाही, वाटीत घालून वाटी खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. हातावर दिलं की भांडण होतं म्हणतात. माझा यावर विश्वास नाही, पण मी वाटीच ठेवते. पानात मीठ आधी वाढतात, वरच्या बाजूला मधोमध. पंगतीत वाढायला लागलात तर तिथून सुरुवात.

दृष्ट काढायला मीठ-मोहरी आणि सुकी मिरची आपल्याकडे, इथे तिला ‘दिश्ट’ म्हणतात आणि ती हिंदूंच्या घरी काढतात तशी ख्रिस्तांवांच्या घरीही. तुमच्या बाळाला वयनी ओवाळायला लागल्या तर ‘हे काय’ म्हणू नका, फक्त खिडकी उघडा. मिरचीचा खाट कोणाला धर्म विचारत नाही, सगळी चाळ शिंकते.

दिवेलागणीनंतर मीठ उसनं मागायचं नाही. मागितलंत तर बरीच घरं देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात, आणि पसरकार, म्हणजे वाणीसुद्धा, कधी कधी ‘फाल्यां यो’ म्हणून उद्यावर टाकतो. फडताळात एक न फोडलेलं पाकीट मागे सारून ठेवा. संपलंच आणि अंधार पडला असेल, तर वयनींकडे मीठ मागू नका, आमटी घेऊन जा आणि म्हणा, "जरा चाखून पळय." त्या काय ते समजतात.